आलिशान गाडीसाठी आरामदायी टायर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीएमडब्ल्यू ३ सीरिज, मर्सिडीज सी-क्लास, ऑडी ए४ किंवा त्यांच्या वरच्या वर्गातील गाडीचे पहिले टायर झिजले, की मालकापुढे प्रश्नांची रांग उभी राहते. कंपनीने दिलेलेच टायर पुन्हा घ्यावेत, की महाराष्ट्रातील रस्त्यांचा विचार करून काही वेगळे निवडावे? खालील उत्तरे अशा मालकांसाठी आहेत ज्यांना वळणावरच्या चपळाईपेक्षा आतील शांतता आणि कंबरेला न जाणवणारे खड्डे अधिक महत्त्वाचे वाटतात. आकडे आणि उदाहरणे मुख्यत्वे मध्यम आकाराच्या सेडान गाड्यांची घेतली आहेत. एसयूव्हीला तत्त्व तेच लागू पडते, फक्त मापे बदलतात.

गाडी पूर्वीसारखी मऊ चालत नाही. नवे टायर घातले की फरक पडेल का?

पडू शकतो, पण टायरला दोषी ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली म्हणजे हवा. अनेक दुकानांत गाडी कोणतीही असो, चारही चाकांत ३५ किंवा ३६ पीएसआय भरून मोकळे होतात. गाडीच्या दाराच्या चौकटीवरील किंवा पेट्रोलच्या झाकणामागील स्टिकर मात्र दोन-तीन प्रवाशांसाठी त्याहून कमी आकडा सांगत असतो. केवळ हवा स्टिकरप्रमाणे केल्याने गाडी सुधारली, अशी उदाहरणे थोडी नाहीत.

दुसरी गोष्ट सस्पेन्शनची. लहान खड्ड्यात ‘खट्’ असा कोरडा आवाज येत असेल, तर बहुधा कंट्रोल आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश किंवा शॉकअपचे वरचे माउंट गेलेले असते. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा खाली-वर होऊन थांबण्याऐवजी दोन-तीन वेळा डोलत राहिली, तर शॉकअप थकले आहेत असे समजावे. यांपैकी काहीही टायरने बरे होत नाही.

तिसरी गोष्ट वाकलेल्या रिमची. विशिष्ट वेगाला, साधारण ८० ते ११० किमीच्या दरम्यान, स्टिअरिंग थरथरते आणि त्याच्या खाली किंवा वर थरथर कमी होते, असे असेल तर बॅलन्सिंग बिघडले आहे किंवा रिम वाकली आहे. बॅलन्सिंगच्या मशिनवर चाक फिरत असताना रिमच्या आतल्या कडेकडे पाहिले, तर ती वर-खाली नाचताना साध्या डोळ्यांनी दिसते. दुकानदाराने वजने लावून काम उरकण्याआधी तेथे उभे राहून एवढे पाहून घ्यावे.

यानंतर टायरकडे वळावे. गाडी उभी करून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि पुढच्या टायरच्या पृष्ठभागावरून तळहात आधी चाक फिरते त्या दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवा. एका दिशेने हात गुळगुळीत सरकला आणि दुसऱ्या दिशेने रबराच्या ठोकळ्यांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या लागल्या, तर टायर असमान झिजला आहे. वेगाबरोबर चढत जाणारा जो घुमणारा आवाज अनेकदा ‘बेअरिंग गेले’ म्हणून दाखवला जातो, तो पुष्कळदा याच झिजेतून येतो. अशा वेळी नवे टायर आणि सोबत अलाइनमेंट, दोन्ही लागतात.

टायर ‘आरामदायी’ आहे म्हणजे त्यात नेमके काय वेगळे असते?

चार गोष्टी. सर्वांत मोठा वाटा बाजूच्या भिंतीच्या म्हणजे साइडवॉलच्या उंचीचा. २२५/५० आर १७ या मापात २२५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५० ही त्या रुंदीच्या टक्केवारीतील साइडवॉलची उंची आणि १७ हा रिमचा इंचातील व्यास. म्हणजे येथे साइडवॉल ११२.५ मिमी आहे. २२५/४५ आर १८ मध्ये ती १०१ मिमीच्या आसपास, तर २४५/४० आर १८ मध्ये ९८ मिमी उरते. खड्ड्याची धार आणि धातूची रिम यांच्यामध्ये हवेची आणि रबराची एवढीच गादी असते. ती १० मिमीने वाढली तरी फरक जाणवतो.

दुसरी गोष्ट साइडवॉलच्या आतील सांगाड्याची. वळणावर गाडी ताठ राहावी म्हणून बनवलेल्या स्पोर्ट टायरचा सांगाडा आणि कडेची बांधणी कडक असते, आरामदायी प्रवासासाठी बनवलेल्या टूरिंग टायरची तुलनेने लवचिक. एकाच मापाचे, एकाच हवेचे दोन टायर वेगळे का वागतात याचे कारण बहुतांशी येथे असते. तिसरी गोष्ट रबराचे मिश्रण आणि नक्षी: ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवली, की प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटण्याचा आवाज एकाच सुरात साचत नाही. चौथी गोष्ट वजनाची. टायर आणि रिम हे स्प्रिंगच्या खाली असलेले ओझे आहे. ते जितके कमी तितके चाक खड्ड्याच्या आकाराला पटकन प्रतिसाद देते आणि धक्का गाडीच्या सांगाड्यापर्यंत कमी पोहोचतो.

जाहिरातीत चर्चा होते ती बहुधा तिसऱ्या गोष्टीची. खरेदी करताना क्रम मात्र आधी उंची, मग सांगाडा आणि मग नक्षी असा ठेवावा.

रनफ्लॅट काढून साधे टायर घालावेत का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

रनफ्लॅट टायरच्या साइडवॉलमध्ये जाड, कडक रबराचा आधार असतो. हवा पूर्ण गेली तरी तो गाडीचे वजन पेलतो आणि साधारणपणे ताशी ८० किमीच्या मर्यादेत ८० किमी अंतर कापू देतो. हाच आधार रोजच्या वापरात, पंक्चर झालेले नसतानाही, प्रत्येक धारदार धक्का आत पोहोचवतो. गेल्या काही वर्षांतील रनफ्लॅट पूर्वीच्या मानाने बरेच सौम्य झाले आहेत, हे खरे. तरीही त्याच मापाचा चांगला साधा टूरिंग टायर त्याहून मऊ चालतो, याबद्दल शंका नाही. शिवाय तो सहसा स्वस्त, काहीसा हलका आणि दुरुस्तीला सोपा असतो. रनफ्लॅटसाठी बनलेल्या रिमवर साधा ट्यूबलेस टायर बसतो, त्यामुळे रिम बदलण्याची गरज पडत नाही.

खरा प्रश्न पंक्चर झाल्यावरचा आहे. डिक्कीत स्टेपनी आहे का? नसेल तर तिच्यासाठी जागा आहे का? काही मालक कंपनीची बारीक स्टेपनी वेगळी विकत घेऊन डिक्कीत पट्ट्याने बांधतात. त्या चाकाची रिम पुढच्या ब्रेक कॅलिपरला (चाकाच्या आत डिस्क पकडणाऱ्या भागाला) अडत नाही ना, हे प्रत्यक्ष बसवून पाहिले पाहिजे. हवा भरण्याचा छोटा पंप आणि पंक्चर बुजवणारे द्रव्य हा दुसरा मार्ग आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या बदलानुसार टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे किट असलेल्या गाडीला स्टेपनी बाळगणे बंधनकारक राहिलेले नाही. पण खिळ्याने पडलेले छिद्र या द्रव्याने बुजते, साइडवॉल फाटली तर त्याचा काहीही उपयोग होत नाही, आणि आपल्याकडे खड्ड्याच्या धारेने साइडवॉल फाटण्याचे प्रसंग कमी नाहीत.

म्हणून आमचे मत असे: गाडी मुख्यत्वे मुंबई, पुणे, नाशिक अशा शहरांत आणि त्यांना जोडणाऱ्या वर्दळीच्या महामार्गांवर फिरत असेल, तर रनफ्लॅट सोडून साधे टायर आणि एक बारीक स्टेपनी हा आरामाच्या दृष्टीने सर्वांत फायद्याचा बदल आहे. रात्री-अपरात्री एकट्याने लांबचा प्रवास करणाऱ्यांनी, किंवा ज्या घरात चाक बदलणे कोणालाच शक्य नाही त्यांनी रनफ्लॅटच ठेवावेत आणि मऊपणा अन्य मार्गांनी साधावा. एका गाडीवर दोन रनफ्लॅट आणि दोन साधे, असा मेळ कधीही घालू नये; पुढचा आणि मागचा भाग वळणावर वेगवेगळे वागू लागतो. बदल केल्यास विमा कंपनीला आणि गाडीच्या वॉरंटीसंबंधी डीलरला लेखी विचारून ठेवावे.

१८ इंची रिमऐवजी १७ इंची रिम घालणे योग्य ठरेल का?

कंपनीने त्याच मॉडेलला, त्याच इंजिनला १७ इंची पर्याय दिलेला असेल, तर हा उपाय उत्तम आहे, आणि तो पुरेसा वापरला जात नाही याचे आश्चर्य वाटते. वरचेच उदाहरण घेऊ. २२५/४५ आर १८ चा बाहेरचा व्यास सुमारे ६६० मिमी, तर २२५/५० आर १७ चा सुमारे ६५७ मिमी. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असल्याने स्पीडोमीटर, एबीएस आणि गिअरबॉक्स यांना काही कळतही नाही. साइडवॉल मात्र ११ मिमीने वाढते. मोठ्या सेडानमध्ये २४५/४५ आर १८ आणि २२५/५५ आर १७ ही जोडीही अशीच जुळते.

अट एवढीच की लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरवरून मोकळी फिरली पाहिजे. बीएमडब्ल्यूचा एम स्पोर्ट, मर्सिडीजचा एएमजी लाइन अशा स्पोर्टी प्रकारांत काही वेळा पुढचे ब्रेक मोठे असतात आणि १७ इंची रिम तेथे बसतच नाही. रिमचा ऑफसेट (ती किती आत किंवा बाहेर बसते ते माप), मध्यभागाच्या छिद्राचा व्यास आणि बोल्टचा प्रकार मूळ रिमप्रमाणेच हवा. त्याच मॉडेलच्या खालच्या प्रकाराच्या, कंपनीच्याच वापरलेल्या रिम चांगल्या स्थितीत मिळाल्या, तर नव्या अनोळखी रिमपेक्षा त्या कधीही बऱ्या.

गाडी थोडी साधी दिसते, ही तक्रार खरी आहे. तिला उत्तर नाही.

रिम तीच ठेवून फक्त उंच टायर घातला तर?

उदाहरणार्थ २२५/४५ आर १८ च्या जागी २२५/५० आर १८. जमिनीपासूनची उंची ११ मिमीने वाढते आणि गतिरोधकावर पोट घासणे कमी होते, म्हणून हा सल्ला सर्रास दिला जातो. पण बाहेरचा व्यास जवळजवळ साडेतीन टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवण्याकडे झुकतो, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो, आणि चारचाकी ड्राइव्ह (इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळणारी गाडी) असेल तर एकच टायर फुटल्यावर ते माप सहज मिळाले नाही की गाडी अडकून पडते. मूळ व्यासापासून एक-दीड टक्क्यापलीकडे जाऊ नये, असा सल्ला आम्ही देऊ.

टायरवरील ताऱ्याचे चिन्ह, ‘एमओ’, ‘एओ’ या खुणांना किती महत्त्व द्यावे?

या खुणा सांगतात की त्या गाडीच्या कंपनीने टायर कंपनीबरोबर बसून हा टायर खास जुळवून घेतला आहे. बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ, पोर्शसाठी ‘एन’ आणि त्यापुढे अंक. मर्सिडीजच्या एमओई या खुणेचा टायर मात्र रनफ्लॅट असतो. एका अक्षराच्या फरकाने वेगळाच माल घरी येऊ शकतो.

खूण असलेला टायर सर्वांत मऊच असेल असे नाही. गाडीची वळणावरची पकड, ब्रेक लागण्याचे अंतर, इंधनाचा खप आणि आराम यांचा कंपनीने ठरवलेला तो समतोल असतो, आणि तो ठरवताना समोर जर्मनीतील रस्ते असतात. त्यामुळे केवळ आराम हवा असेल तर खूण नसलेला टूरिंग टायर अनेकदा सरस ठरतो. पोर्शसारख्या गाडीत, किंवा वॉरंटी शिल्लक असलेल्या चारचाकी ड्राइव्हच्या गाडीत मात्र खुणेचाच टायर घ्यावा. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याची अट घातल्यानंतर खुणेचे काही टायर मिळण्यास बराच विलंब होऊ लागला. म्हणून असे टायर हवे असल्यास जुने पूर्ण झिजण्याची वाट न पाहता आधीच मागणी नोंदवावी.

लोड इंडेक्स आणि वेगाचे अक्षर कमी घेतले तर टायर मऊ मिळतो, हे खरे का?

अंशतः खरे आहे आणि म्हणूनच धोक्याचे आहे. २२५/४५ आर १८ हे माप बाजारात ९१ आणि ९५ अशा दोन्ही लोड इंडेक्समध्ये मिळते. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९० किलो. ९५ च्या टायरवर ‘एक्सएल’ असे लिहिलेले असते आणि त्याचा सांगाडा अधिक मजबूत, म्हणून थोडा कडक असतो. गाडीच्या कागदपत्रांत ९५ सांगितले असेल, तर मऊपणासाठी ९१ घेणे म्हणजे पाच प्रवासी, सामान आणि मे महिन्यातील तापलेला महामार्ग यांचा विचारच न करणे होय. लोड इंडेक्स कधीही कमी करू नये. उलट, जेथे गाडीला साधा टायर पुरेसा आहे तेथे दुकानात एक्सएल शिल्लक आहे म्हणून तो घेण्याचेही कारण नाही.

वेगाच्या अक्षरांत व्ही म्हणजे ताशी २४० किमी, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३००. आपल्याकडे या वेगांचा संबंध येत नसला तरी अक्षर उष्णता सोसण्याच्या क्षमतेशीही जोडलेले असते; गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अक्षराच्या खाली उतरू नये.

प्रत्यक्षात कोणते टायर पाहावेत?

मापानुसार उपलब्धता बदलते, म्हणून नावांपेक्षा वर्ग महत्त्वाचा. आरामाकडे झुकलेल्या वर्गात मिशलिनचा प्रायमसी ४ एसटी, योकोहामाची अॅडव्हान डीबी मालिका, गुडइयरचा अॅश्युरन्स कम्फर्टट्रेड, ब्रिजस्टोनची टुरांझा मालिका आणि कॉन्टिनेन्टलची अल्ट्राकॉन्टॅक्ट मालिका ही नावे भारतातील दुकानांत नेहमी ऐकू येतात. त्याच कंपन्यांचे पायलट स्पोर्ट, मॅक्सकॉन्टॅक्ट, ईगल एफ१ हे दुसऱ्या स्वभावाचे टायर आहेत: पकड अप्रतिम, स्टिअरिंगला प्रतिसाद तत्पर, पण खडबडीत रस्त्यावर अधिक बोलके. अपोलोने २००९ मध्ये विकत घेतलेल्या व्रेडेस्टाइन या डच नावाचे टायरही आता आलिशान गाड्यांच्या मापांत येथे मिळतात आणि किंमत पाहता त्यांचा विचार करायला हरकत नाही.

एकाच कंपनीच्या ‘टूरिंग’ आणि ‘स्पोर्ट’ टायरमधील फरक हा दोन कंपन्यांच्या टूरिंग टायरमधील फरकापेक्षा बहुधा मोठा असतो. दुकानात ‘मिशलिन द्या’ एवढेच म्हणून चालत नाही, ते यासाठी.

आत फोम चिकटवलेले टायर घ्यावेत का?

टायरच्या पोकळीतील हवा स्वतःच एक नाद धरते. मध्यम आकाराच्या गाडीत तो साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि रस्त्याचा सांधा ओलांडताना पोकळ ‘डुंग’ असा ऐकू येतो. आतून चिकटवलेला पॉलियुरेथेनचा फोम हा नाद शोषतो. कॉन्टिनेन्टल त्याला कॉन्टीसायलेंट म्हणते, पिरेलीकडे पीएनसीएस, मिशलिनकडे अकूस्टिक अशी नावे आहेत. शांत केबिनच्या मोठ्या गाडीत, आणि इंजिनाचा आवाजच नसलेल्या विजेच्या गाडीत, त्याचा फायदा कळतो. धक्के मात्र फोममुळे तसूभरही कमी होत नाहीत, आणि नक्षीतून येणारी उंच स्वरातील शीळही थांबत नाही. पंक्चर काढताना त्या जागेचा फोम कापावा लागतो. हे काम न केलेल्या दुकानात पट्टी लावून ‘झाले’ म्हटले जाते आणि पुढे फोमचा सैल तुकडा चाकाचे संतुलन बिघडवतो.

लेबलवरील तारांकन आणि डेसिबलचे आकडे पाहून शांत टायर ओळखता येतो का?

फारसा नाही. भारतातील ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे (बीईई) तारांकन इंधनबचतीविषयी आहे. युरोपातील लेबल, ज्याची सध्याची आवृत्ती मे २०२१ पासून लागू आहे, ते इंधन, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज अशा तीन गोष्टी दाखवते. पण त्यातील डेसिबल हा रस्त्याच्या कडेला मोजलेला, गाडीबाहेरचा आवाज असतो. आत बसलेल्याला काय ऐकू येईल ते टायरइतकेच गाडीच्या बांधणीवर अवलंबून असते. युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांनी त्या लेबलवरील ओल्या पकडीचे अक्षर मात्र जरूर वाचावे. ते उपयोगाचे आहे.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर आवाज फार येतो. टायर बदलून तो थांबेल का?

कमी होईल, थांबणार नाही. हे दोन्ही मार्ग सिमेंट काँक्रीटचे आहेत. पाणी निघून जावे आणि पकड राहावी म्हणून काँक्रीट ओले असतानाच त्यावर बारीक रेघा ओढलेल्या असतात, आणि ठरावीक अंतरावर सांधे असतात. रेघांमुळे एकसुरी घरघर आणि सांध्यांमुळे ठोके येतात. त्याच टायरवर डांबरी रस्ता लागताच आत अचानक शांतता पसरते, हा अनुभव बहुतेकांना असेल. टायर तपासून पाहायचा तर म्हणूनच नेहमीच्या एकाच पट्ट्यावर, एकाच वेगाला आणि एकाच हवेवर पाहावा. नवा टायर डांबरावर आणि जुना काँक्रीटवर, अशी तुलना फसवी ठरते.

समृद्धीबद्दल एक गोष्ट आरामापलीकडची. नागपूर ते मुंबई असा ७०१ किमीचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि तेथे मोटारींना ताशी १२० किमीची मर्यादा आहे. तासन्‌तास एकाच वेगाने, उन्हाळ्यात, कमी हवेवर धावणाऱ्या टायरची साइडवॉल सतत वाकत राहते, आत उष्णता साचते आणि टायर फुटतो. मऊ चालावे म्हणून हवा कमी ठेवण्याची सवय असलेल्यांनी निदान या मार्गावर चढण्यापूर्वी ती पूर्ववत करावी.

मग आरामासाठी हवा थोडी कमी ठेवायचीच नाही का?

स्टिकरवरील आकड्याच्या खाली जाऊ नये. मात्र अनेक गाड्यांच्या स्टिकरवर दोन रकाने असतात: कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा. रोज एक-दोन माणसेच बसत असतील, तर पहिला रकाना वापरणे पूर्णपणे योग्य आहे आणि तेवढ्यानेही गाडी मऊ होते. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावी. तापमान १० अंशांनी वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. चालवून तापलेल्या टायरमधून ‘जास्त झाली’ म्हणून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी थंड टायरमध्ये ती कमी भरते.

नायट्रोजनविषयीही येथेच सांगतो. साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरडा नायट्रोजन भरण्यात तोटा नाही, पण त्याने गाडी मऊ होत नाही.

आरामदायी टायर पावसात घसरतात का?

चांगल्या कंपनीचा नवा टूरिंग टायर ओल्या रस्त्यावर निर्धास्त वापरता येतो. घसरतो तो झिजलेला टायर, मग तो कोणत्याही वर्गातील असो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. कायद्याने किमान १.६ मिमी हवी आणि खाचांमधील लहान उंचवटे तेवढी मर्यादा दाखवतात. पण ताम्हिणी किंवा आंबोली घाटात जुलैमध्ये रस्त्यावरून पाणी वाहत असताना १.६ मिमीवर विसंबणे शहाणपणाचे नाही. ३ मिमी उरली आणि पावसाळा तोंडावर असला, तर मे महिन्यातच टायर बदलावेत. आराम आणि ओली पकड यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ आली तर पकड निवडावी.

दोनच टायर बदलले तर चालतात का?

चारचाकी ड्राइव्हच्या गाडीत शक्यतो चारही एकदम बदलावेत, कारण टायरच्या घेरातील फरक ट्रान्सफर केस किंवा डिफरन्शिअल या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागांवर सतत ताण आणतो. दोनचाकी ड्राइव्हमध्ये एकाच धुऱ्यावरील (पुढचे किंवा मागचे) दोन्ही बदलता येतात, आणि नवे दोन मागे घालावेत. ओल्या वळणावर मागचा भाग घसरणे हे पुढचा घसरण्यापेक्षा सावरायला कठीण असते. पुढे २४५ आणि मागे २७५ अशी वेगळी मापे असलेल्या गाड्यांत टायर पुढे-मागे फिरवताच येत नाहीत, त्यामुळे मागचे आधी झिजणार हे गृहीत धरावे.

खरेदी करताना काय तपासावे?

साइडवॉलवरील चार अंकी तारीख प्रथम पाहावी. ‘२३२५’ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. वर्षभरापर्यंतचा, सावलीत ठेवलेला टायर बिनधास्त घ्यावा. दोन-तीन वर्षे पडून असलेला टायर सवलतीत मिळत असला तरी आरामासाठी खरेदी करणाऱ्याने तो घेऊ नये, कारण रबर काळाबरोबर कडक होत जाते. चारही टायरांची तारीख स्वतः वाचावी. तीन ताजे आणि एक जुना असा संच पुढे केला जातो. आयएसआयची खूण नसलेला टायर घेऊ नये. नव्या टायरांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दरपत्रकावरून सौदा होत नाही ना हे पाहावे. बिलावर माप, मॉडेलचे पूर्ण नाव आणि शक्य असल्यास टायरचे क्रमांक लिहून घ्यावेत; वॉरंटीच्या वेळी त्यावरच सारे अडते.

बसवताना दुकानात कशाकडे लक्ष द्यावे?

उत्तम टायरही निष्काळजीपणे बसवला तर थरथरतो. जुनी चिकटवलेली वजने आणि त्यांचा गोंद आधी काढायला सांगावे. रिमची जी कड टायरला टेकते तेथील मळ आणि गंज घासून स्वच्छ करावा, नाहीतर हवा हळूहळू जात राहते. टायर चढवताना दाब दाखवणाऱ्या सेन्सरला मशिनचा दांडा लागला तर तो तुटतो. दांडा व्हॉल्व्हच्या कोणत्या बाजूने फिरवायचा हे जाणणारा कारागीर असावा. बॅलन्सिंग झाल्यावर एका चाकाला एकाच जागी वजनांची लांबच लांब रांग लागली, तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायला सांगावे. बऱ्याचदा वजन निम्म्यावर येते. काही मोठ्या दुकानांत चाकावर रोलर दाबून फिरवणारे मशिन असते. साध्या बॅलन्सिंगला न सापडणारा टायरचा कडक-मऊपणा ते दाखवते, आणि हट्टी थरथरीसाठी जादा पैसे देऊनही ते करून घ्यावे.

बोल्ट हवेच्या गनने कचकचून न आवळता, शेवटी टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) पुस्तिकेतील आकड्यापर्यंत आवळावेत. नंतर अलाइनमेंट, आणि तिचा छापील कागद, आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही असलेला.

साइडवॉलवर फुगा आला आहे. गाडी मऊच चालते, मग वापरत राहावे का?

नाही. फुगा म्हणजे आतील दोरे तुटले आहेत आणि तेथे फक्त रबर हवा अडवून धरत आहे. त्याची दुरुस्ती होत नाही. साइडवॉलवरील पंक्चरचीही नाही. कमी उंचीच्या टायरमध्ये खड्ड्याची धार रिमपर्यंत पोहोचते आणि मधल्या मध्ये साइडवॉल चिमटली जाते, तेव्हा हे घडते. त्यामुळे एका बाजूचा फुगा दिसला तर चाक काढून आतली बाजूही पाहावी. अनेक दुकानदार स्वतंत्र टायर विमा किंवा अपघाती नुकसानीची हमी देतात. खराब रस्त्यावर रोज जाणाऱ्याला ती घेण्यासारखी असते, पण झीज किती झाल्यावर किती रक्कम मिळते तो तक्ता आधी वाचून घ्यावा.

नवे टायर घातल्यावर गाडी आधी थोडी तरंगल्यासारखी वाटते. काही चुकले आहे का?

बहुधा नाही. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश असतो आणि पूर्ण खोलीची नक्षी थोडी डुलते. पहिले सुमारे ३०० किमी जोरात ब्रेक लावणे आणि वळणे वेगाने घेणे टाळावे. त्यानंतर स्टिअरिंगचा सैलपणा बराच कमी होतो. रनफ्लॅटवरून साध्या टायरवर आलेल्यांना हा फरक अधिक जाणवतो आणि त्यातील काही भाग कायम राहतो, कारण मऊ साइडवॉलची ती किंमत आहे. पण सपाट, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर वाट पाहू नये. पुढची दोन चाके आपसांत बदलून पाहावीत, अर्थात टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले नसतील तर. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा आहे आणि तो दुकानदाराने बदलून द्यायला हवा. ओढ त्याच बाजूला राहिली तर अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावी.